कुठल्या जागेला कुठलं झाड? ऊन, माती, पाणी, वारा बघून ठरवूया

रानजाई

पाऊस महिनाभरावर आलाय. आता नर्सऱ्यांत गर्दी सुरू होईल, आणि फूल बघून रोप घ्यायचं, घरी आल्यावर कुठे लावायचं ते ठरवायचं असा क्रम बहुतेक घरी असतो. माझं म्हणणं की आधी जागा बघा, मग झाड. माती आपण थोडीफार सुधारू शकतो, पाणी कमीजास्त करू शकतो, पण ऊन कुठून येतं ते बदलता येत नाही आणि वाराही नाही. झाडं गेली की लोक म्हणतात "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत", हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. हाताचा काही दोष नसतो हो. फर्न पश्चिमेच्या कठड्यावर आणि अडेनियम अंधाऱ्या खिडकीत ठेवलं तर ते कुणाच्याही घरी जाणारच.

तर या धाग्यावर "कुठलं झाड लावू" एवढंच विचारू नका. गाव सांगा, जागा कुठल्या दिशेला उघडी आहे, ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, जमीन की कुंडी, माती कसली, पाणी नळाचं की बोअरचं, वारा कितपत, कितवा मजला. मग ज्याला त्या जागेचा अनुभव आहे तो सांगेल.

मोजायचं कसं, तर उन्हासाठी सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी खडूने सावलीची कड जमिनीवर आखा आणि शेजारी वेळ लिहा. निचऱ्यासाठी फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि आत पट्टी उभी करून बघा पाणी तासाला किती उतरतंय. इंच-दोन इंच उतरलं तर उत्तम. दिवसभर तसंच राहिलं तर त्या जागेला वेगळी झाडं लागतील. आणि मातीसाठी, ओली माती तळहातावर वळा. बोटभर लांब वळी न तुटता झाली तर चिकणमाती जास्त, वळीच होत नसेल तर वाळू किंवा मुरूम जास्त.

लोकल_साडेआठची

डोंबिवली, सातवा मजला, बाल्कनी उत्तरेला. समोर मोकळं आहे, बिल्डिंग नाही. ऊन येतच नाही असं मी धरून चालले होते पण आत्ता एप्रिलमध्ये सकाळी सात-साडेसातला कठड्यावर चक्क ऊन असतं आणि संध्याकाळीही येतं. मग मोगरा लावू का? मला मोगराच हवाय, आईकडे होता.

नभांगण

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यामागचं कारण कळलं की बाल्कनीचं सगळं कोडं सुटतं. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडं उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. हे सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत चालतं. मुंबई परिसरात मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो), आणि या दोन तारखांच्या मधे भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. पण नेमकं जून-जुलैत आकाश ढगाळ. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीचे खरे उन्हाचे महिने एप्रिल आणि मे, बाकी वर्षभर नुसता उजेड.

दक्षिणेच्या बाल्कनीचं बरोबर उलटं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, वरच्या स्लॅबची सावली, आत ऊन जवळजवळ नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, त्यामुळे नऊ फुटांवर स्लॅब असेल तर ऊन आठ फूट आत येतं! बरेच लोक मे महिन्यात दक्षिण बाल्कनी बघून ठरवतात की इथे ऊन नाही. त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती जागा वापरावी, शेवंती, झेंडू, पिटुनिया, मेथी, कोथिंबीर, चेरी टोमॅटो, सगळं होतं.

रानजाई

नभांगण, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद.

लोकल ताई, मोगऱ्याला पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. तो कळ्या धरतो तोच मुळी उन्हाळ्यात, त्यामुळे एप्रिल-मेच्या तिरप्या उन्हावर थोडी फुलं येतीलही, पण वेल लांबत जाईल, पानंच पानं होतील. आईच्या आठवणीचा मोगरा असा किडकिडा झालेला बघवणार नाही तुम्हाला. बिल्डिंगच्या गच्चीवर सोसायटीने परवानगी दिली तर एक मोठी कुंडी तिथे ठेवा. बाल्कनीत तिथल्या उजेडावर खूश राहणारी झाडं लावा: पीस लिली, अॅग्लोनेमा, स्पायडर प्लांट, नेचे, खायचा नागवेल, पुदिना, ब्राह्मी. सुगंध हवाच असेल तर कामिनी, म्हणजे कुंती, करून बघा, ती कमी उन्हातही तग धरते, बाल्कनीच्या सगळ्यात उजेडाच्या कोपऱ्यात ठेवा.

उंच_माझा_झोका

ठाणे, एकविसावा मजला, पश्चिम. ऊन दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत, वारा इतका की केळीच्या पानाच्या चिंध्या झाल्या.

रानजाई

पश्चिम आणि उंच मजला ही दुहेरी परीक्षा आहे. ऊन पानातलं पाणी ओढतं, वारा अजून ओढतो, भिंतही तापलेली असते. मोठ्या, मऊ, पातळ पानांची झाडं इथे नकोत. बारीक, जाड किंवा मेणचट पान शोधा: बोगनवेल, बुटकी कण्हेर, अडेनियम, सदाफुली, कोरफड, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), जेड. कुंडी बुटकी आणि रुंद तळाची घ्या, उंच निमुळती कुंडी वाऱ्याने कलंडते, आणि एकविसाव्या मजल्यावरून खाली कुंडी जाणं म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतेल, त्यामुळे कठड्यावर काहीही ठेवू नका, सगळं आत, जमिनीवर. कण्हेर विषारी असते, घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर ती वगळा.

नवीन_घर

वाघोली, पुणे. नुकतंच रो हाऊस घेतलंय, त्यामुळे सगळं पहिल्यापासून आहे. तीन जागा आहेत.

१. पुढे १२ बाय १० फूट, पश्चिमेला, दुपारचं कडक ऊन.
२. बाजूला पाच फूट रुंद पट्टा, गच्चीचा पाइप तिथेच पडतो, पावसाळ्यात पाणी साचून राहतं असं शेजारी सांगतात. पूर्वेला आहे, सकाळी ऊन.
३. मागे उत्तरेला चार फुटांची गल्ली, कंपाउंडची भिंत आणि घर यांच्या मधे.

माती काळी, पण खणलं की विटा, सिमेंटची ढेकळं, बिल्डरचा राडारोडा निघतो. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरतो. आधीच्या मालकांनी पुढे एक लिंबू लावलेलं आहे, कमरेएवढं असेल, त्याची नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. नर्सरीवाल्याने सांगितलं पाणी कमी पडतंय, दुसरा म्हणाला लोखंडाचे खिळे मातीत खोचा. मला आवडणारी झाडं: बहावा, पारिजातक, सोनचाफा. खड्ड्याची परीक्षा केली, संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी जेमतेम दोन-तीन इंच उतरलं होतं.

रानजाई

वा, तुम्ही सगळं मोजूनच आलात, अशी पोस्ट वाचली की उत्तर द्यायला हुरूप येतो. एकेक घेऊ.

आधी लिंबू. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही लोहाच्या कमतरतेची खूण. (जुनी, खालची पानं अशी झाली असती तर मॅग्नेशियमकडे बघितलं असतं.) आता गंमत अशी की आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण माती चुनखडीची, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलाइन) असली की ते मुळांना घेता येत नाही. त्यात राडारोड्यातलं सिमेंट आणि बोअरचं जड पाणी, दोन्ही विम्लता अजून वाढवतात. म्हणून खिळ्यांचा उपयोग नाही, खिळ्याचं लोहही त्याच मातीत अडकणार. पाणी वाढवलंत तर निचरा नसल्याने मुळं गुदमरतील आणि पिवळेपणा वाढेल. आत्ता तात्पुरतं म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आधी दोन-चार पानांवर करून बघा, पान करपत नाही ना. कायमचं म्हणाल तर बुंध्यापासून थोडं दूर राडारोडा उकरून काढा, वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन आणि शेणखत, आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा तेच द्या. गच्चीचा तो पाइप आहेच ना, त्याच्याखाली एक पिंप ठेवा!

नवीन लिंबूवर्गीय लावायचं झालं तर कलमाचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय ते, कुठला ते विचारा. रंगपूर लिंबाचा खुंट चुनखडीच्या जमिनीत आणि खारट पाण्यात जंभेरीपेक्षा जास्त टिकतो.

आता पुढची जागा. बहाव्याला तिथे जागा नाही. तो तीस फुटांपर्यंत जातो आणि त्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. पारिजातक मात्र बसेल, फक्त त्यालाही मुळाशी पाणी थांबलेलं आवडत नाही म्हणून उंचवटा करून लावा. काळ्या मातीत लोक काय करतात, खोल खड्डा घेतात आणि त्यात छान भुसभुशीत माती, खत भरतात. चारी बाजूला चिकणमाती, मधे पोकळ माती, पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे नुसता हौद होतो. त्यापेक्षा खड्डा उथळ पण रुंद घ्या, काढलेल्याच मातीत एक तृतीयांश शेणखत-पालापाचोळा मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच बसेल असा ढीग करा. लिंबू आणि पारिजातक दोन्ही असले की ती १२ बाय १० ची जागा भरली, तिसरं झाड नको, कडेने तगर किंवा सदाफुली पुरे.

सोनचाफ्याला ओलसर, निचऱ्याची, किंचित आम्ल माती लागते, कोकणात तो का रमतो ते त्यामुळेच. तुमच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर त्याचे हाल होतील. अगदी मन ऐकत नसेल तर अर्ध्या पिंपाएवढी मोठी कुंडी, तांबडी माती, आणि पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी, कलमी रोप घ्या म्हणजे लवकर फुलेल. नाहीतर बकुळ बघा, ती सावकाश वाढते पण काटक आहे, मात्र तिलाही पुढे मोठी जागा लागते.

बाजूचा पट्टा म्हणजे तुमचा खजिना आहे, लोक तिथे भर टाकून फरशा बसवतात. पाणी साचतं ना, मग पाण्याचीच झाडं लावा. कर्दळ, वडीचं अळू, एखादी केळ, वेखंड, वाळा, आणि पूर्वेचं सकाळचं ऊन असल्याने सोनटक्का. सोनटक्क्याचा वास पावसाळ्यात रात्री घरभर येईल. पपई आणि शेवगा मात्र तिथे चुकूनही नको, पाणी साचलं की दोन्ही काही दिवसांत कुजतात.

मागची गल्ली: हळद, आलं, पुदिना, अडुळसा, नागवेल.

देशीवाण

यात एक भर. पुढे मोठी जागा असलेल्यांनी ताम्हणाचा विचार करा. आपलं राज्यपुष्प, पण आपल्याच गावात कमी दिसतं. कोकणात ते ओढ्यांच्या काठी वाढतं त्यामुळे ओलाव्याची जमीन त्याला मानवते, आणि ऐन उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतं. भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब.

आणि कृपा करून गुलमोहर, रेन ट्री, सप्तपर्णी सोसायटीत रांगेने लावू नका. गुलमोहर मादागास्करचा, मुळं वरवर, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात पहिला तोच पडतो. पळस, पांगारा, बहावा, कांचन, शिवण, आपली इतकी झाडं आहेत की पक्षी, मधमाश्या, फुलपाखरं सगळ्यांचं भागतं.

उंच_माझा_झोका

देशी झाडांबद्दल सहमत पण सप्तपर्णी देशीच आहे ना?

देशीवाण

हो, सप्तपर्णी देशी आहे, तुमचं बरोबर. माझा आक्षेप रांगेने लावण्याला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते तेव्हा तिचा उग्र वास बऱ्याच लोकांना सहन होत नाही, डोकं धरतं. जंगलात किंवा मोठ्या मैदानात एखादी असावी, प्रत्येक खिडकीखाली नको. म्हणजे देशी आहे म्हणून कुठेही चालेल असंही नाही, इथे परत जागेचाच प्रश्न आला.

शिवाय शहरात वाढलेलं झाड नंतर तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याने परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. म्हणून वड, पिंपळ, उंबर घराच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या जवळ लावूच नका, पुढे त्या झाडाचाही जीव जातो आणि भिंतही जाते.

बांधकाम_माणूस

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण हे कुणी बघत नाही. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो एवढ्या वापराच्या भारासाठी डिझाइन केलेला असतो. आता हिशोब करा, एक मीटर बाय एक मीटर वाफा, फूटभर उंच, साधी माती, पाऊस पडून पूर्ण भिजली की अर्ध्या टनाच्या आसपास वजन जातं. म्हणजे तिप्पट. त्यामुळे गच्चीभर मातीचे वाफे करायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, जुनी इमारत असेल तर नक्कीच. मोठ्या कुंड्या मधोमध न ठेवता बीमच्या आणि कॉलमच्या रेषेवर, कडेने ठेवा. मातीचं प्रमाण कमी करून कोकोपीट, पालापाचोळा, गांडूळखत वाढवा. आणि कुंडीखाली विटा किंवा स्टँड ठेवून हवा खेळती ठेवा, नाहीतर वॉटरप्रूफिंगची वाट लागते. गच्चीवर आंबा लावायचा हट्ट असेल तर आम्रपाली बघा, ते मुळातच बुटकं वाण आहे.

लोकल_साडेआठची

कुंडीच्या तळाला खडी घालायची ना निचऱ्यासाठी? आमचे माळीकाका चांगला तीन-चार इंचाचा थर घालतात.

नभांगण

खडीने निचरा वाढत नाही, उलट होतं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तट्ट झाल्यावरच ते खाली जातं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा थर असायचा तो खडीमुळे मुळांच्या आणखी जवळ येतो, आणि मुळांना मिळणारी मातीही कमी होते.

कातळावरचा

नभांगण, पुस्तकात असं असेल पण आमच्याकडे रत्नागिरीला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खडी नसेल तर भोक चिखलाने बुजतं आणि कुंडीचं तळं होतं, हे डोळ्याने बघतोय की.

रानजाई

दोघांचंही घेता येईल. भोक बुजू नये यासाठी एक खापर कमानीसारखं उपडं ठेवलं की पुरतं, त्यासाठी खडीचा थर लागत नाही. निचरा हवाय तर संपूर्ण मिश्रणच पोकळ करा, जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे, भाताची तुसं सगळीकडे मिसळून. आणि कोकणातल्या पावसात अडेनियम, कोरफड, निवडुंग यांना जून ते सप्टेंबर छपराखालीच घ्यायचं, तिथे कुठलंच मिश्रण पुरं पडत नाही.

कातळावरचा, तुम्ही जमिनीबद्दलही लिहा ना, जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या खडकाळ जमिनीचा, अनुभव इथे फार थोड्यांना आहे.

कातळावरचा

लिहितो. जांभ्याची जमीन पुण्याच्या काळ्या मातीच्या बरोबर उलट. आम्ल, पाणी धरत नाही, चार महिने धो धो आणि पुढचे आठ महिने कोरडं. खत घातलं तर पावसात वाहून जातं. म्हणून आमच्याकडे आंबा, काजू, कोकम, फणस, करवंद हीच झाडं का, तर मुळं खडकाच्या फटीत शिरून खालची ओल शोधतात. कातळावर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून शेणखत, पालापाचोळा घालून भरायचा, पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यायचं आणि बुंध्याभोवती गवताचं जाड आच्छादन ठेवायचं. इथे उंचवटा करू नका, पाणी धरायचंय, त्यामुळे उताराच्या खालच्या बाजूला अर्धगोल बांध घाला.

हापूसबद्दल बाहेरचे लोक फार विचारतात. हापूस आमच्या किनारपट्टीच्या हवेचा आहे. घाटावर आणि मराठवाड्यात केशर जास्त बरा, ते त्या कोरड्या हवेला मानवलेलं वाण आहे. कोकणातच पण साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) नको असेल तर दापोलीच्या विद्यापीठाचा रत्ना आहे, नीलम आणि हापूसचा संकर.

फुलझाडं म्हणाल तर अबोली, अनंत, सोनचाफा, बकुळ, सुरंगी, विचार न करता लावा.

खारेवारे

आम्ही गुहागरला, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. समुद्राकडची पानं कडेने करपतात, गुलाब तर टिकतच नाही. वडील म्हणतात समुद्राच्या बाजूने सात फुटी भिंत घालूया.

कातळावरचा

भिंतीवर पैसे घालू नका. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे जोरात खाली आपटतो, भिंतीच्या मागेच झाडं झोडपली जातात. झाडांची दाट रांग वारा गाळून हळू करते आणि खारही तिच्याच पानांवर बसतो. पहिली फळी समुद्राला सरावलेल्यांची: उंडी, पारोसा भेंडी, करंज, वाळूतच केवडा, आणि अगदी पुढे मर्यादवेल, ती वाळू धरून ठेवते. माड असतीलच, नवीन लावताना दोन माडांत पंचवीस फूट ठेवा. दुसरी फळी कण्हेर, पांढरा चाफा, बोगनवेल. ही दोन-तीन वर्षांत उभी राहिली की तिच्या आडोशाला जास्वंद, मोगरा, अबोली, सगळं फुलेल. वादळी वारा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी पानांवर गोडं पाणी मारा, मीठ धुतलं जातं. गुलाब घराच्या पूर्वेला कुंडीत ठेवा.

उंडी सावकाश वाढते. वडिलांना सांगा तोवर झापांचा कूड (माडाच्या विणलेल्या पानांची भिंत) करा, त्यातून वारा गाळून येतो.

खारेवारे

कुडाची गोष्ट वडिलांना एकदम पटली, लहानपणी त्यांच्याकडे होता म्हणे. उंडीची रोपं शोधतो.

वऱ्हाडी_ठसका

राजेहो, तुमचं सगळं पावसाचं चाललंय, आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो त्याचं काय? घर पश्चिम-दक्षिण, काळी माती, पाणी दोन-तीन दिवसांआड. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोक इकडे फर्न आणि कॅलाथिया आणतात, मला त्या रोपांची दया येते.

मी काय लावलंय ते लिहितो, कुणाला उपयोगी पडलं तर. पश्चिमेला कडुनिंब आणि बहावा, त्यांची सावली भिंतीवर पडते. आवारात सीताफळ, कवठ, बोर. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून देतं आणि पाऊस आला की फुटतं, म्हणजे ज्या महिन्यांत पाणी नाही त्या महिन्यांत ते मागतच नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, झाडाचा विश्रांतीचा काळ आणि आपल्या टंचाईचा काळ जुळला पाहिजे. फुलांत मोगरा आमच्याइतका कुणाकडेच फुलत नसेल, त्याला हे ऊन मानवतं, फक्त आच्छादन आणि दिवसाआड पाणी. मधुमालती जाळीवर चढवली, तिची सावली खोलीला. कुंड्या एप्रिलमध्ये सगळ्या एकत्र, खेटून, पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली. पाणी पहाटेच. आणि हौस असेल ती हिवाळ्यात करायची, शेवंती, डेलिया, पिटुनिया, गुलाब, आमच्या थंडीत असे फुलतात की बघत राहावं.

रानजाई

दादा, झाडाची विश्रांती आणि टंचाई जुळवण्याचं जे लिहिलंत ते सगळ्यांनी जपून ठेवावं असं आहे. मराठवाड्यातल्यांनाही हेच लागू, तिथे सीताफळ, डाळिंब, आवळा, चिंच. डाळिंब जड पाणीही बरंच सहन करतं.

कुळागर

फोंडा, गोवा. सावलीच्या जागेबद्दल सगळे नाराजीने लिहितायत म्हणून लिहिते. आमच्या कुळागरात तर सगळं सावलीवरच चालतं. वर माड आणि सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, त्याखाली जायफळ आणि केळी, अगदी खाली आलं, हळद, अननस, अळू, आणि मधून पाट वाहतो. प्रत्येक थराला वरच्याने गाळून दिलेलं ऊन मिळतं. पण ही ओली सावली आहे. शहरात मोठ्या आंब्याखाली असते ती कोरडी सावली, तिथली सगळी ओल आंब्याची मुळं ओढतात, तिथे मिरी आणि आलं तगणार नाही. तिथे कोरांटी, रिओ, सिंगोनियम, स्पायडर असं काहीतरी काटक लावा, तेही आंब्याची मुळं न तोडता, छोट्या खाचांत, पावसाच्या सुरुवातीला. किंवा आंब्याचीच पानं तिथे पडू द्यावीत, झाडाला तेच हवं असतं.

जर्सीची_आजी

मी सध्या लेकीकडे न्यू जर्सीत. कढीपत्ता आणि तुळस कुंडीत आहेत, दोन्ही मागच्या हिवाळ्यात झडले, कढीपत्ता परत फुटलाय. इथे काय करायचं?

नभांगण

आजी, रात्रीचं तापमान १० सेल्सियसच्या, म्हणजे तिथल्या ५० फॅरनहाइटच्या, खाली जायला लागलं की कढीपत्ता घरात, दक्षिणेच्या खिडकीशी. हिवाळ्यात तो पानं टाकतो, तेव्हा पाणी अगदी कमी, खत बंद. मेच्या उत्तरार्धात बाहेर, आधी आठवडाभर सावलीत. तुळशीचं बी जपून ठेवा आणि दर वसंतात नवीन पेरा, हे सगळ्यात सोपं.

नवीन_घर

सगळ्यांचे आभार, पिंप आणलं! शेवटचे दोन प्रश्न. खड्डे कधी घेऊ, आणि रोप मोठं घेऊ की लहान? नर्सरीत सात-आठ फुटांचा पारिजातक फुलांसकट मिळतोय.

रानजाई

खड्डे आत्ताच, मे महिन्यात, आणि तसेच उघडे तापू द्या, किडे-अंडी मरतात. काळी माती ओली असताना खणू नका, ढेकळं दगडासारखी होतात. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, जमीन वीतभर भिजली की वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) बघून लावा.

सात-आठ फुटांचं नको. लहान पिशवीत इतकं उंच वाढलेलं झाड आत मुळांनी अडकलेलं असतं, वाऱ्याने हलतं आणि वर्षभर वाढतच नाही. दोन-अडीच फुटांचं, जाड बुंध्याचं, फूल नसलेलं रोप घ्या, दोन वर्षांत ते मोठ्याच्या पुढे जाईल. घेताना नर्सरीवाल्याला पिशवी थोडी उघडून दाखवायला सांगा. मुळं पांढरी, चहूबाजूंना पसरलेली हवीत. तळाशी वेटोळं दिसलं, किंवा बुंध्याभोवती मूळ आवळलेलं दिसलं, तर ते ठेवून दुसरं मागा. लिंबाच्या नवीन पानांचा फोटो फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी टाका, तेव्हा ठरवू परत फवारायचं का.